बाहुलीच्या हौदाचे धनी : डॉ. विश्राम रामजी घोले

पुण्याच्या बुधवार पेठेत, फरासखान्याच्या परिसरात ‘बाहुलीचा हौद’ आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाला आलेली, अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांसाठी हिंडणारी अथवा मंडईकडे निघालेली गर्दी त्याच्या आसपासूनच जात असते. बहुतेकांच्या लेखी हे नाव पत्ता सांगण्यापुरते उरले आहे. नावातील लाडिकपणामुळे एखाद्या हौशी सरदाराने करमणुकीसाठी बांधलेला हा हौद असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो एका शल्यचिकित्सकाने आपल्या अकाली गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ १८८० मध्ये बांधला आणि त्याचे पाणी सर्व जातींच्या लोकांना खुले ठेवले. त्या शल्यचिकित्सकाचे नाव डॉ. विश्राम रामजी घोले. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे अध्यक्ष आणि पुण्यातील नामांकित डॉक्टर, अशी त्यांची समकालीनांमध्ये ओळख होती.

घोले यांचा जन्म १८३३ मधला. पेशवाई संपून तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती. ते गवळी समाजातील. विद्येचा अधिकार विशिष्ट जातींपुरता मानला जात होता त्या काळात गवळ्याच्या घरातील मुलाने पाश्चात्त्य वैद्यक आत्मसात करावे, सरकारी सेवेत असिस्टंट सर्जनच्या पदापर्यंत जावे आणि पुढे ‘रावबहादूर’ ही पदवी व व्हाइसरॉयचे मानद सर्जन हा बहुमान मिळवावा, ही वाटचाल सामान्य नव्हे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले १८४५ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासह त्याची पहिली तुकडी बाहेर पडली १८५१ मध्ये. म्हणजे महाराष्ट्रात एतद्देशीय डॉक्टरांची पहिली पिढी घडत होती, तेव्हा घोले ऐन विशीत होते.

त्या पिढीच्या वाट्याला आलेले काम आजच्या डॉक्टरांच्या कामाशी ताडून पाहण्याजोगे आहे. शवविच्छेदन हाच मुळी धर्मसंकटाचा विषय होता. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी प्रेताला सुरी लावली, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली होती. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांचा शस्त्रक्रियेतील वापर अनुक्रमे १८४६ आणि १८४७ मध्ये सुरू झाला. त्याआधी रुग्णाला चार जणांनी दाबून धरायचे आणि शस्त्रवैद्याने घाईघाईने काम उरकायचे, हीच रीत होती. जखम चिघळू नये म्हणून जंतुनाशक वापरावे, हा जोसेफ लिस्टर यांचा विचार १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय सुरू झाले. सरकारी वैद्यकीय सेवेत वरच्या जागा बहुतांशी गोऱ्यांकडे असत आणि असिस्टंट सर्जन ही हिंदी डॉक्टराच्या दृष्टीने मानाची, पण वरिष्ठांच्या हाताखालचीच जागा होती. अशा व्यवस्थेत शल्यचिकित्सक म्हणून नाव मिळवायचे तर हात कुशल हवा आणि रुग्णाचा विश्वासही हवा. घोले यांनी दोन्ही मिळवले. आयुर्वेदाचे वैद्य, जर्राह, सुईणी आणि मांत्रिक यांच्या गर्दीत ‘साहेबी’ औषधाकडे संशयाने पाहणाऱ्या शहरात ही गोष्ट सोपी नव्हती.

डॉक्टरकीच्या बळावर ते स्वस्थ, सुखवस्तू जीवन जगू शकले असते. सरकारदरबारी वजन असलेल्या माणसाला चळवळीची दगदग करण्याचे कारणही नव्हते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पहिल्या वर्षी अध्यक्षपद आणि खजिनदारी फुले यांच्याकडेच होती, चिटणीस होते नारायणराव गोविंदराव कडलक. भटजीच्या मध्यस्थीवाचून माणसाला ईश्वराची भक्ती करता येते, लग्न लावता येते आणि जन्माने कोणी उच्च-नीच ठरत नाही, हे या समाजाचे सांगणे. ते नुसते सांगणे राहिले नाही. डिसेंबर १८७३ मध्येच पुरोहिताशिवाय विवाह लावण्यास सुरुवात झाली आणि त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. जोशीपणाच्या हक्काचे दावे पुढे कोर्टापर्यंत गेले. वऱ्हाडी मंडळींना जातीबाहेर काढण्याच्या धमक्या येत. व्यापारी, बांधकामाचे ठेकेदार, शेतकरी, माळी आणि काही शिक्षित तरुण अशा मंडळींच्या या समाजात डॉ. घोले आले आणि फुले यांच्या पाठोपाठच्या काळात त्याचे अध्यक्षही झाले.

घोले यांच्या येण्याचे महत्त्व केवळ एका सभासदाची भर पडली एवढेच नव्हते. सत्यशोधकांवर ‘अडाण्यांचा मेळा’ म्हणून टीका होत असे. शरीरशास्त्र जाणणारा, इंग्रज अधिकाऱ्यांकडून मान मिळवलेला एक नामवंत सर्जन अध्यक्षस्थानी बसल्यावर ती टीका बोथट झाली. शिवाय डॉक्टरच्या दारात सर्व जातींची माणसे येतात. रक्त, पू आणि हाडे पाहणाऱ्याला देहादेहांतील भेद कोठेही आढळत नाही. घोले यांच्या समाजकार्यामागची प्रेरणा व्यवसायातून आली की फुले यांच्या सहवासातून, याचा निवाडा करण्याची गरज नाही. दोन्ही प्रवाह एकाच माणसात मिसळलेले होते. फुले यांच्या लेखणीत आणि वाणीत धार होती, घोले यांचे वजन त्यांच्या पदात आणि पेशात. चळवळीला दोन्ही लागतात, हे मात्र आपल्याकडील चरित्रलेखनात क्वचितच ध्यानात घेतले जाते. त्यामुळे सत्यशोधक चळवळीच्या इतिहासात घोले यांच्या वाट्याला बहुधा नामावळीतील एक ओळ येते.

वास्तविक त्यांच्या घरात जे घडले, ते त्या चळवळीच्या विचाराची सर्वांत कठोर कसोटी पाहणारे होते.

बुधवार पेठेशी स्त्रीशिक्षणाचे नाते जुने. याच पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. घोले यांनी आपली थोरली मुलगी काशीबाई हिला शिकवण्यास आरंभ केला, तो त्यानंतर पाव शतक उलटून गेल्यावर. एवढ्या अवधीत विरोध मावळला असेल, अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरले. शाळेत मुलीला पाठवणे ही एका दृष्टीने त्रयस्थांची गोष्ट होती. घरातली मुलगी पाटी-पुस्तक घेऊन बसू लागली की नातलग, जातभाई आणि घरातील वडीलधाऱ्या बायका, सर्वांच्या कपाळावर आठ्या पडत. शिकलेली बाई विधवा होते, तिच्या हातचे अन्न अळ्या होऊन पडते, असल्या समजुती पुण्यात सर्रास होत्या. डॉक्टरांनी बोलणी ऐकून घेतली आणि शिकवणे चालू ठेवले. घरच्या विरोधाला तोंड देणे हे बाहेरच्या विरोधाला तोंड देण्यापेक्षा अवघड असते; तेथे शत्रूशी रोज एकाच पंगतीत जेवावे लागते.

काशीबाईचा जन्म १८६९ चा आणि मृत्यू १८७७ चा. म्हणजे ती पुरती नऊ वर्षांचीही झाली नव्हती. तिच्या मृत्यूची कथा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती अशी : शिक्षणाला विरोध करणाऱ्या आप्तांपैकी कोणी तरी काचा कुटून घातलेला लाडू खायला दिला, लाडू तिने खाल्ला आणि आतड्यांतून रक्तस्राव होऊन ती दगावली. ही हकीकत लोकस्मृतीने जपलेली आहे. तिची शहानिशा करणारा न्यायालयीन निवाडा समोर ठेवून ती कोणी सांगत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु काच ही विषशास्त्राच्या ग्रंथांत शरीराला यांत्रिक इजा करणारा पदार्थ म्हणून नोंदलेली आहे. बारीक पूड झालेली काच फारसा अपाय न करता निघून जाते. तीक्ष्ण कडांचे तुकडे राहिले तर जठर आणि आतड्यांचे अस्तर फाटू शकते. कथेतील वर्णन वैद्यकाच्या दृष्टीने अशक्य कोटीतले नाही.

यातील दैवदुर्विलास असा की, बाप त्या काळातील शहरातला निष्णात शल्यचिकित्सक आणि त्याला काही करता येऊ नये. १८७७ मध्ये उदर उघडून आतड्यातील रक्तस्राव थांबवणे ही जवळजवळ कल्पनेतली गोष्ट होती. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १८ वर्षे होती. रक्त चढवण्याची सुरक्षित पद्धत तर विसाव्या शतकातली. पोट उघडणे म्हणजे पूतिदोषाने मृत्यू, हे त्या काळी गृहीतच धरलेले असे. अफू देऊन वेदना कमी करणे आणि वाट पाहणे, यापलीकडे त्या वेळच्या कोणत्याही डॉक्टराच्या हाती फारसे नव्हते.

शोक झालेला बाप त्या काळी काय करी? ऐपत असेल तर देऊळ बांधी, घाट बांधी, ब्राह्मणभोजन घाली. घोले यांनी पाण्याचा हौद बांधला. त्याचा अर्थ लागण्यासाठी पुण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहावी लागते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावांतून शहरात पाणी आणण्यासाठी बांधीव भुयारी नळ घातला गेला. उताराच्या जोरावर वाहत येणारे हे पाणी ठिकठिकाणच्या उच्छ्वासांतून हवा खेळती ठेवत पेठांपेठांतील हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे त्या व्यवस्थेची आठवण देतात. काही हौद वाड्यांच्या आत होते, काही रस्त्यावर. कात्रजचा नळ हे स्थापत्याचे कौतुकास्पद काम होते, यात शंका नाही. पण त्या पाण्यावरचा हक्क जातीच्या उतरंडीप्रमाणे वाटलेला होता. अस्पृश्य मानलेल्या माणसाला हौदाला हात लावता येत नसे. बाजूला घागर ठेवून कोणी दयाळू माणूस वरून पाणी ओतील, याची वाट पाहत तासन्‌तास उभे राहावे लागे. उन्हाळ्यात ही प्रतीक्षा किती लांबत असेल, याचा अंदाज आजही टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या वस्त्यांना येईल. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्याचा गाजावाजा झाला तो याच कारणाने. बारा वर्षांनी त्यांच्या सहकाऱ्याने तोच विचार भर बुधवार पेठेत, बाजाराच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या सान्निध्यात दगडी बांधकामाच्या रूपाने उभा केला.

काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता. पुण्यात दुष्काळग्रस्तांसाठी अन्नछत्रे उघडली गेली होती आणि फुले दांपत्य व त्यांचे सहकारी मुलांना जेवू घालण्याच्या कामात गुंतले होते. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी मे महिन्यात पेशव्यांचा बुधवार वाडा जळून खाक झाला. त्याच आगीच्या रात्री विश्रामबाग वाड्यालाही आग लावण्यात आली होती. या पार्श्वभूमीवर १८८० मध्ये हौद पुरा झाला. काशीबाईच्या नावाने, तिची आठवण म्हणून हौदावर बाहुलीची मूर्ती बसवली गेली आणि पाणी भरणाऱ्या बायकांनी त्याला तेच नाव देऊन टाकले. बाहुली हे खेळणे. ज्या वयात ते हातात असावे, त्या वयात गेलेल्या मुलीचे स्मारक म्हणून ते निवडले गेले, ही निवड समजण्यासाठी फार विवेचनाची गरज पडत नाही.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला १९२३ मध्ये. त्या ठरावाची अंमलबजावणी होत नाही म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. बाहुलीचा हौद बोले ठरावाच्या ४३ वर्षे आधीचा आहे. आणि त्याच्या ९२ वर्षांनंतर, १९७२ मध्ये, पुण्यातल्याच दुसऱ्या एका डॉक्टरांना, डॉ. बाबा आढाव यांना, ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घ्यावी लागली. या तारखा शेजारी ठेवल्या की घोले यांच्या कृतीची उंची कळते आणि ती एकाकी का राहिली, हेही.

काशीबाईच्या मृत्यूनंतर घोले यांनी शिक्षणाचा नाद सोडला असता, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी धाकटी मुलगी गंगूबाई हिलाही शिकवले. सोयरेधायरे तेच होते, गल्ली तीच होती. गंगूबाई खेडकर या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या मुलीचे शिक्षण हे घोले यांचे हौदापेक्षाही मोठे उत्तर मानावे लागेल; हौद बांधताना पैसा आणि निर्धार लागला, गंगूबाईला पाटीवर बसवताना पुन्हा एकदा सर्वस्व पणाला लावावे लागले. त्या काळातील पुण्याचे चित्रही हळूहळू बदलत होते. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. त्याच वर्षी फुले यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाविषयीचे आपले निवेदन दिले. १८८४ मध्ये हुजूरपागेतील मुलींची शाळा सुरू झाली. फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यातच निवर्तल्या.

फुले आणि घोले यांच्या मैत्रीचा सर्वांत हृद्य अध्याय आहे तो १८८८ चा. मे महिन्यात मुंबईत जनतेने जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली आणि दोनच महिन्यांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. आज अशा रुग्णाचा रक्तदाब मोजला जातो, मेंदूचे चित्र काढले जाते. त्या वेळी यांपैकी काहीच नव्हते. पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे साधन १८९६ चे. निरीक्षण, शुश्रूषा, चोळणे, पथ्य आणि रुग्णाच्या मनाला उभारी देणे, यांवरच सारी भिस्त होती. जोतीराव त्या झटक्यातून वाचले. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा आपला अखेरचा ग्रंथ लिहून पुरा केला. तो प्रसिद्ध झाला त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये. त्या ग्रंथाच्या वाट्याला आलेल्या अवधीत फुले यांच्या जिद्दीचा आणि सावित्रीबाईंच्या सेवेचा भाग आहे, तसाच बुधवार पेठेतल्या या डॉक्टराच्या उपचारांचाही आहे. त्या दिवसांत फुले दांपत्याची आर्थिक स्थिती ओढगस्तीची होती. मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्या साहाय्यासाठी रदबदली केली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले.

त्यानंतर सत्यशोधक चळवळीला पुण्यात ओहोटी लागली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधू’ पत्र आणि गिरणी कामगारांची संघटना यांच्याद्वारे तिला धरून होते. तेही १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. डॉ. घोले यांचा मृत्यू १९०० चा. दोन वर्षांनी, १९०२ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि चळवळ नव्या रूपात उभी राहू लागली. तो बदल पाहण्यास घोले नव्हते.

शिवाजीनगरातील घोले रस्ता त्यांच्या नावाचा आहे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात खेपा घालणाऱ्या पुणेकरांच्या तोंडी हे नाव रोज येते, मात्र ‘घोले’ म्हणजे कोण, याचे उत्तर त्यांतील थोड्यांनाच देता येईल. हौदाच्या नावाचे नशीब जरा बरे. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभीच्या वर्षांत दगडूशेठ हलवाई यांचा गणपती ‘बाहुलीचा हौद सार्वजनिक गणपती’ म्हणून ओळखला जाई. पुढे हलवायांचे नाव देशभर गेले आणि हौदाचे नाव मागे पडले.

दगडूशेठ गणपती मंदिरासमोरील भिडे वाडा मोडकळीला आलेला होता. दीर्घ न्यायालयीन वादानंतर राष्ट्रीय स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तेथून बाहुलीचा हौद चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. घागरी घेऊन आता तेथे कोणी येत नाही. आजूबाजूला दुकाने, हातगाड्या आणि वाहने यांची दाटी असते. हौदावर काशीबाईचे नाव आहे.